बंद कॅमेऱ्याचं चालू गिऱ्हाईक

वस्तू चालू आहे की बंद, यावरून जुन्या बाजारात रोज भांडणं होतात. विकणारा म्हणतो चालू, घेणारा म्हणतो बंद. आमचं भांडण झालंच नाही, कारण कॅमेरा बंद आहे यावर आमचं दोघांचं एकमत होतं. फरक इतकाच, की विकणारा ते मनापासून म्हणत होता.

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठेच्या अंगाला रस्त्याकडेनं ताडपत्र्या पसरतात आणि त्यांवर गंजके पाने, नळाच्या तोट्या, जोडीदार हरवलेले बूट आणि कुणाला तरी निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं सन्मानचिन्ह असा संसार मांडलेला असतो. आमच्या घरी या जागेला ‘भंगाराचं माहेर’ म्हणतात. नांदायला ते सगळं आमच्याकडे येतं, असं बायकोचं म्हणणं.

त्या रविवारी मिक्सरच्या एका भांड्यात मला ऑलिम्पस ट्रिप ३५ दिसला. भांड्यात म्हणजे खरोखर भांड्यातच, झाकण नसलेल्या. १९६७ साली जपानमध्ये निघालेला हा कॅमेरा. नावच सांगतं की सहलीला न्यायचा. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड बेली या नामांकित फोटोग्राफरनं टीव्हीवर त्याची जाहिरात केली होती. याला सेल लागत नाही. भिंगाभोवती काचेची एक खडबडीत कडी असते, मधमाशांच्या पोळ्यासारखी. तिच्यामागे सेलेनियमचा पत्रा. उजेड पडला की त्यात किंचित वीज तयार होते, त्यावर आतला काटा हलतो, आणि किती उजेड आत सोडायचा ते कॅमेरा स्वतःच ठरवतो. हे सगळं मी आदल्या आठवडाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचून काढलं होतं. ऑफिसचं एवढं वाचलं असतं तर आज साहेब झालो असतो.

“कितीला, मामा?” मी शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

“हजार. पण आधीच सांगतो, बंद आहे. मागनं येऊन कटकट नको.”

साठीचे गृहस्थ. पांढरी टोपी, कानामागे पेन. त्यांनी कॅमेरा उचलला, रोल पुढे सरकवायचं चाक कर्र कर्र फिरवलं आणि फोटो काढायचं बटण दाबून दाखवलं. बटण अर्ध्यावर जाऊन अडलं. “बघा. जात नाही. आणि आत बघा, लाल येतंय. लाल आलं म्हणजे फॉल्ट.”

मी डोळा लावला. खालून लाल पट्टी वर आली होती. भिंगावर काळी कॅप घट्ट बसलेली होती.

आता इथे थोडं समजून घ्या. ट्रिप ३५ ला उजेड कमी पडला तर तो लाल पट्टी वर करतो आणि बटण दाबूच देत नाही. रोल फुकट जाऊ नये म्हणून ती सोय आहे. कॅप लावली की भिंगाबरोबर ती पोळ्याची कडीही झाकली जाते, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीनं अमावास्या. त्यामुळे मामांच्या हातातला कॅमेरा अत्यंत शहाण्यासारखा वागत होता. किंवा नव्हता. कारण सेलेनियम म्हातारं होऊन खरंच मेलं असेल, तरीही हीच लाल पट्टी येते, अगदी भर उन्हात येते. खरं काय ते कळायला एकच उपाय होता: कॅप काढायची आणि आकाशाकडे धरून बटण दाबायचं. पण चालू निघाला तर मामा त्याच क्षणी हजाराचे चार हजार करणार, आणि बंद निघाला तर मी घेणार नाही. म्हणजे तपासायची सोय नव्हती, आणि न तपासता घ्यायची हिंमत नव्हती.

मी कॅमेरा हातात घेतला आणि उन्हाकडे पाठ केली. कॅप घट्ट होती, तरी उजेड आत शिरायला नको, म्हणून तिच्यावर तळवाही ठेवला.

जुन्या बाजारात दोन माणसं बोलायला लागली की पाच जण ऐकायला उभे राहतात. एकजण म्हणाला, “सेल गेला असणार.” मामांनी कॅमेरा उलटापालटा करून सेल टाकायची जागा शोधली. ती नाहीच म्हटल्यावर ते हताश होऊन म्हणाले, “सेल घालायला जागाच नाही. बघा, किती बिघडलाय.” यावर सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. मग पाठीवर सॅक लावलेला एक मुलगा पुढे वाकला. “काका, कॅप काढून बघा ना एकदा.”

त्या मुलाचं भविष्य उज्ज्वल असो. मी त्याच्याकडे जे पाहिलं ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनाही जमलं नसतं. “काच फुटलेली आहे रे आत,” मी म्हणालो. धडधडीत खोटं. मामांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. “काच पण फुटलीय? मला म्हाईत नव्हतं. मग पाचशे द्या.”

मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून पाचशे रुपये मिळवले होते आणि अंगावर काटा आला होता. तरी चारशेवर आणल्याशिवाय राहिलो नाही. घासाघीस केली नसती तर संशय आला असता, अशी मी मनाची समजूत घातली.

रस्ता ओलांडून एका टेम्पोच्या आडोशाला गेलो, कॅप काढली, आकाशाकडे धरला, दाबला. टिक्. चिमणीनं दाणा उचलावा एवढाच आवाज. मी पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा टिक्. टेम्पोचा ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं मी त्याचा नंबर टिपतोय, आणि त्यानं गाडी चार फूट मागे घेतली.

घरी पोचल्यावर प्रात्यक्षिक दाखवायला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आमचा हॉल तळमजल्यावर आणि पडदे गडद. दाबलं. लाल. ट्यूबलाइट लावली. लाल. बायको म्हणाली, “चारशे रुपयांना लाल पट्टी आणलीस.” आई म्हणाली, “परत घेतात का बघ.” शेवटी मी कुटुंबाला अंगणात उन्हात उभं केलं आणि तिथे तो आज्ञाधारक मुलासारखा टिक्-टिक् करायला लागला.

“म्हणजे हा घरात चालत नाही, बाहेर उन्हात चालतो,” बायको म्हणाली. “सोलर आहे का?”

तिनं टोमणा मारला होता. पण आठवडाभर वाचूनही मला जे एका शब्दात सांगता आलं नव्हतं, ते तिनं सांगितलं होतं. हो, सोलरच.

मग खरी तपासणी सुरू झाली. मागचं दार उघडून भिंगातून आरपार बघत बटण दाबायचं, म्हणजे आतलं भोक किती उघडतं ते दिसतं. ट्रिपमध्ये ते दोन पात्यांचं असतं, त्यामुळे भोक गोल पडत नाही, बरोबर शंकरपाळ्याच्या आकाराचं पडतं. सावलीकडे धरला की मोठं शंकरपाळं, आकाशाकडे धरला की बारकं. पात्यांना तेल लागलं असेल तर ती चिकटतात आणि शंकरपाळं एकाच मापाचं राहतं. मी दाबत होतो आणि माप सांगत होतो. आई शेजारी बसून ऐकत होती. “कातण नवीन घे,” ती म्हणाली, “एकही दुसऱ्यासारखं नाहीये.” म्हणजे कॅमेरा पास.

दाराच्या खाचेतला फोम मात्र सडून डांबरासारखा झाला होता. बोटाला लागला तो तीन दिवस निघाला नाही. स्पिरिट आणि कापसाच्या काड्यांनी तो खरवडला. बदली काय घालायचं? उजेड आत येऊ नये म्हणून काळी लोकर चालते. आईच्या विणकामाच्या पिशवीत अर्धवट राहिलेल्या कानटोपीची लोकर होती. ती कानटोपी माझ्यासाठीच होती, हे मला खाचेत भरून झाल्यावर कळलं.

आमच्या घरात फोटोंचा इतिहास बाबांच्या आग्फा क्लिक थ्रीपासून सुरू होतो. बडोद्यात बनलेला तो काळा डबा. एका रोलवर बारा फोटो, आणि बारा म्हणजे बाराच. गणपतीचे चार, वाढदिवसाचे दोन, आणि बाकीचे सहा ‘असू देत’ म्हणून वर्षभर कॅमेऱ्यातच. पुढे उटीच्या सरकारी कारखान्यातले इंदू रोलही ते वापरत. त्या काळी रोल वाचवायची जी सवय लागली, ती मोबाइल आल्यावर सुटली आणि आता व्याजासकट परत आली. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून मला सोळाशेच्या घरात पडले. छत्तीसनं भागलं तर एका टिक्ला चव्वेचाळीस रुपये. फुकटात टिक्-टिक् करायचे दिवस संपले.

पहिला मान आईचा. ट्रिपमध्ये अंतर स्वतः लावावं लागतं, पण आकडे वाचायची गरज नाही, कडीवर चित्रं आहेत. एक माणूस, दोन माणसं, तीन माणसं आणि डोंगर. एक म्हणजे मीटरभर, दोन म्हणजे दीड, तीन म्हणजे तीन मीटर, आणि डोंगर म्हणजे पार लांब. दुरून डोंगर साजरे हे जपान्यांनाही माहीत असावं. आई तुळशीपाशी उभी होती, माझ्यापासून तीन मीटरवर. मी कडी फिरवली.

“काय लावलंस?”

“तीन माणसं.”

“मी एकटी आहे.”

“माणसं म्हणजे अंतर, आई.”

“बाकी दोघं कोण?” तिनं मागे वळून बघितलं. नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. चव्वेचाळीस रुपये. मग टेलरची टेप आणून तुळशीपासून माझ्या नाकापर्यंत मापं घेतली, तिला पदर नीट करायला लावला आणि आणखी दोन काढले.

महिनाभर मी तो रोल पुरवून पुरवून वापरला. पर्वतीच्या पायऱ्या, शनिवारवाड्याचा दरवाजा, झाडाखाली झोपलेलं कुत्रं (एकदाच, ते हललं नाही). फोटो मोजायची खिडकी छत्तिसावर आली तरी चाक फिरतच होतं. बाबा म्हणायचे, जुन्या कॅमेऱ्यात एखाददुसरा फोटो जास्तीचा निघतो. मी बरकत समजून आणखी सहा काढले. रोल परत गुंडाळताना जरा जास्तच हलकं लागलं, तेव्हाही मला काही वाटलं नाही. लोण्यासारखा चालतोय, म्हणालो.

चार दिवसांनी रोल धुणाऱ्याचा फोन. “साहेब, रोल कोरा आहे. पट्टी चक्रीत अडकलीच नव्हती. तुम्ही चाक फिरवत होतात, रोल डबीतच बसून होता. धुलाईचे पैसे मात्र लागतील.”

त्यानं एक धडाही दिला, तो लिहून ठेवतो: रोल भरल्यावर चाक फिरवताना डावीकडची गुंडाळायची खुंटीही फिरते का बघायचं. फिरली तर रोल चालतोय. मी महिनाभर उजवीकडेच बघत होतो.

आईला सांगितल्यावर ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा माझे डोळे मिटलेले फोटो काढायचे. पण काढायचे.”

दुसरा रोल भरला. या वेळी खुंटी फिरताना सगळ्यांना बोलावून दाखवली, साक्षीदार असावेत म्हणून. पहिला फोटो कुणाचा, हे ठरलं होतं. मामांचा. त्या फुटलेल्या काचेचं ओझं माझ्या मनावरून उतरत नव्हतं. फोटो काढायचा, छापून न्यायचा, आणि जमलं तर खरं काय ते सांगायचं.

जुलैतला रविवार, संध्याकाळ, आभाळ खाली आलेलं. मामांनी पावसासाठी वर निळी ताडपत्री ताणली होती आणि आत अगदी मागे बसले होते. मला बघताच हसले. “आले का बंदवाले साहेब!”

“मामा, चालू झाला.”

“काय म्हणता! किती लागले?”

इथे खरं सांगायचं होतं. “थोडेफार,” मी म्हणालो. “बसा नीट, तुमचा फोटो काढतो.”

मामांनी टोपी सरळ केली, कानामागचं पेन काढून खिशाला लावलं, हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास धरला. दोन माणसं लावली, डोळा लावला, दाबलं. बटण अर्ध्यावर अडलं. खालून लाल वर आलं.

मी एक पाऊल पुढे गेलो. लाल. ताडपत्रीची कड उचलली. लाल. मामांनी श्वास सोडला.

“लाल आलं ना?”

मी काही बोललो नाही.

“मी तेव्हाच सांगितलं होतं,” ते उठून जवळ आले. आवाजात राग नव्हता, माझ्याबद्दल काळजी होती. “दुरुस्तीवाल्यानं फसवलं तुम्हाला. आणा इकडे. शंभर कमी करून परत घेतो, तीनशे. माझ्या मालानं माणूस बुडालेला मला आवडत नाही.” त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि आतून खरंच फुटलाय का म्हणून भिंगावर फुंकर मारली.

तेवढ्यात शेजारी छत्री मिटत एक तरुण टेकला. “कितीला हा?” त्यानं फार कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

“हजार,” मामा म्हणाले. “पण आधीच सांगतो, बंद आहे.”

“बघू तरी,” म्हणत त्यानं कॅमेरा हातात घेतला, उजेडाकडे पाठ केली आणि तळवा अलगद भिंगावर ठेवला.