म्हणे रग्बी सुधारा! कुठे, पार्किंगमध्ये?

रविवारी सकाळी सव्वासहाला मैदानावर पोचलो तर मधोमध मांडव. मांडवात स्पीकरच्या भिंती आणि फाटकावर वीस फुटी फ्लेक्स : कुणातरी भाऊंच्या वाढदिवसानिमित्त भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. फ्लेक्सवर भाऊ, भाऊंचे बंधू, भाऊंचा गॉगल घातलेला मुलगा आणि खाली तिकिटाएवढ्या चौकोनांत शुभेच्छुकांची अख्खी वस्ती. माझ्या मागे रग्बीच्या सरावाला आलेली बावीस पोरं. अकरा ते सोळा वयाची, त्यात नऊ मुली. दोघीजणी पहाटेच्या पहिल्या बसने आलेल्या.

वॉचमनला महिन्याभराची लेखी परवानगी दाखवली. शिक्का, सही, पैसे भरल्याची पावती, सगळं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, हे मैदानाचं आहे. मांडवाची परवानगी वेगळ्या खात्याची असते."

म्हणजे मैदान आमचं, पण मैदानावरचा मांडव भाऊंचा! आता यावर काय बोलायचं? मग पार्किंगच्या मागच्या पट्ट्यात, पेव्हर ब्लॉकवर, तासभर नुसते पास दिले. टॅकल (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) नाही, रक (खाली पडलेल्या बॉलवरची रेटारेटी) नाही, स्क्रम (दोन्ही संघांनी खांद्याला खांदा भिडवून ढकलणं) नाही. ब्लॉकवर पोरांना पाडू काय? दर चार मिनिटांनी स्पीकरवरून "आणि हा उत्तुंग षटकार!" आणि बॉल येऊन आमच्यात. वर पुन्हा, "ओ काका, बॉल द्या की!"

संध्याकाळी एका बारशाला गेलो. तिथे आमचे एक भावजी. हातात आइस्क्रीमची वाटी, समोर मी. "काय रे, तुमच्या त्या रग्बीत इंडिया एवढी मार का खाते? एखादा फॉरेनचा कोच आणा. आयपीएलसारखं काहीतरी करा. पैसा ओता, बघ कसा फरक पडतो!"

बारसं होतं म्हणून गप्प बसलो. ते राहिलेलं आता बोलतो.

भावजी, फॉरेनचा कोच आणून झाला. एक नाही, अनेक. फिजीचा वैसाले सेरेवी, सेव्हन्समधला, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीतला बादशहा, त्यालाही आणून झालं. आयपीएलसारखंही झालं. 2025 च्या जूनमध्ये अंधेरीला सहा संघांची लीग झाली, दिवे, संगीत, टीव्ही, जगभरचे नावाजलेले खेळाडू. मी स्वतः एक दिवस जाऊन बघितली आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. आपली पोरं त्या राक्षसांच्या बरोबरीने धावताना बघून डोळ्यांत पाणी आलं. पण पंधरा दिवसांत मांडव उठला. (इथेही मांडवच.) सोमवारी आमची पोरं पुन्हा पार्किंगमध्ये.

कळस आधी बांधायचा आणि पायासाठी जागा शोधत फिरायचं, असला हा कारभार.

टॅकल ही चीज काय आहे ते एकदा समजून घ्या. समोरून सत्तर-ऐंशी किलोचा माणूस पूर्ण वेगात येतोय. तुम्ही खाली वाकायचं, डोकं त्याच्या बाजूला ठेवायचं, खांदा मांडीत घालायचा, दोन्ही हातांचा विळखा मारायचा आणि पाय चालू ठेवून त्याला घेऊन पडायचं. डोकं चुकीच्या बाजूला गेलं की मान गेली. हे डोक्याने शिकता येत नाही, अंगाला शिकवावं लागतं. दहा-बारा वर्षांच्या वयात, हजार वेळा पडून. आणि पडायला माती लागते. आमच्याकडे मुरूम आहे! मुरमावर एकदा पडलेलं पोर दुसऱ्यांदा खाली वाकत नाही, ते उभ्याने हात घालतं, शर्ट धरून ओढतं. तेच पोर पुढे राज्याकडून खेळतं, मग देशाकडून खेळतं आणि तिथेही उभ्यानेच हात घालतं. मग तुम्ही टीव्हीसमोर बसून म्हणता, "अरे, हे सुटू कसे देतात?" मुरमामुळे, भावजी, मुरमामुळे!

माती मऊ असते ती पावसाळ्यात. खरं तर तोच आमचा हंगाम, चिखलात लोळायचे चार महिने, क्रिकेटवाले घरी. तर नेमकं तेव्हा फाटकाला कुलूप. का? तर मैदान खराब होतं म्हणून. कुणासाठी खराब होतं? दिवाळीनंतरच्या क्रिकेटसाठी! मधली पिच जपायची म्हणून त्यावर प्लास्टिक अंथरून चार महिने ते पुजायचं. बाकी वर्षभर त्याच मैदानावर लग्नं चालतात, फटाक्यांचे स्टॉल लागतात, गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरतं, मांडवाचे खांब पुरायला पहारीने खड्डे पडतात, तेव्हा मैदानाला काही होत नाही. पंधरा पोरं अनवाणी धावली की ते खराब होतं.

मी क्रिकेटचा वैरी नाही हो. सचिन शंभरावर पोचला की मीही नाचायचो. पण एका मैदानावर एका वेळी अकरा मॅच चालतात आणि बाराव्या खेळाला कोपरा मिळत नाही, याला खेळप्रेम म्हणतात का?

कलकत्ता कपचा तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड दर वर्षी येतो, तो आला की तर डोकंच सणकतं. "तुम्हाला माहीत आहे का, इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कपासाठी खेळतात तो भारतीय रुपयांचा आहे? अभिमान बाळगा!" माहीत आहे. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात साहेब लोक रग्बी खेळले, पुढच्या वर्षी क्लब काढला. मग म्हणे फुकटचा बार बंद झाला तशी मेंबरं गळाली. शेवटी क्लब गुंडाळला, बँकेतले चांदीचे 270 रुपये वितळवून कप केला आणि 1878 मध्ये देऊन टाकला विलायतेला. नागाच्या मुठी, झाकणावर हत्ती. फार देखणा आहे. पण तो कप म्हणजे बंद पडलेल्या क्लबाची निशाणी आहे, अहो! त्याचा अभिमान काय बाळगायचा? आणि आपला राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना कधी खेळला? 1998 ला. त्या नाताळानंतर सव्वाशे वर्षांनी. आज जागतिक क्रमवारीत खालून मोजायला घेतलं तर आपण लवकर सापडतो.

"आपली शरीरयष्टीच नाही त्या खेळाची," हे एक ठरलेलं. हे कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत उभं राहून म्हणून दाखवा. पहाटे चारला उठून हजार जोर मारणारी, मान हत्तीसारखी असलेली पोरं आहेत तिथे. स्क्रमच्या पहिल्या ओळीला असलीच मान लागते. कबड्डीतल्या पोरी घोटा धरतात तो बघा, सुटत नाही. शरीर आहे. त्या शरीराला बारा वर्षांचं असताना हातात तो लांबट बॉल द्यायला कुणी जात नाही. जातो कधी? कॉलेजात. एकोणिसाव्या वर्षी. तेही कशासाठी, तर सर्टिफिकेटसाठी.

हे जरा सांगतोच. मागे एका स्पर्धेत मी पंच होतो. एक कॉलेज आलं, सात पोरं, त्यातल्या तिघांच्या पायात चपला. त्यांचे सर मला बाजूला घेऊन विचारतात, "न खेळता सहभागाचं प्रमाणपत्र मिळेल का? पोरांना मार्कांना उपयोगी पडतं." पुढे नोकरीतलं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण आहेच. त्या पोरांचा राग नाही मला, घरची परिस्थिती कुणाला चुकली आहे? पण नोंदवहीत तो एक संघ वाढतो. वर अहवाल जातो, खेळाचा प्रसार होतोय. कसला प्रसार? चपलांचा?

आणि तो फिजी. अख्ख्या देशाची वस्ती पिंपरी-चिंचवडच्या निम्म्याएवढी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला 43-7 ने धुऊन सोनं घेऊन गेले. लांब कशाला, शेजारी श्रीलंका बघा. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज 1945 पासून एकमेकांशी ब्रॅडबी शील्डसाठी खेळतात. शाळकरी पोरांची मॅच आणि गर्दी अशी की आपल्याकडे रणजीच्या फायनलला होत नाही. त्या पोरांनी अठराव्या वर्षापर्यंत किती मॅच खेळलेल्या असतात आणि आमच्या किती? माझ्याकडची सगळ्यात जुनी पोरगी, पाच वर्षं येतेय, तिच्या पुऱ्या मॅच मी बोटांवर मोजू शकतो. बाकी सगळा सराव. मॅचच नाही तर हरायचं तरी कुठे शिकणार ती?

जपान 1995 च्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून 145-17 ने हरलं होतं. एकशे पंचेचाळीस! वीस वर्षांनी त्यांनीच दक्षिण आफ्रिकेला 34-32 ने पाडलं. मधल्या काळात कोचही आणले, पैसाही ओतला, पण खाली शाळाशाळांत मॅच चालूच होत्या. हे कुणी सांगत नाही, कारण ते टीव्हीवर दिसत नाही.

आपल्याकडे होत नाही असंही नाही, म्हणून तर जास्त चीड येते. भुवनेश्वरच्या आदिवासी शाळेतली पोरं 2007 मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा जिंकून आली. आपल्या मुली 2018 मध्ये पहिल्यांदा पंधरा-पंधरा जणींचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या आणि पुढच्याच वर्षी मनिलात सिंगापूरला 21-19 ने हरवलं. पुण्याची वाहबिझ भरुचा त्याच संघातली. आज पंधराचं नाव काढलं की वरचे लोक म्हणतात सेव्हन्स खेळा, त्यात ऑलिंपिक आहे. बरोबर आहे, सरावाला कोपऱ्यात सातच मावतात. पण सात विरुद्ध सात असो की पंधरा विरुद्ध पंधरा, खऱ्या मॅचला पूर्ण मैदानच लागतं, शंभर मीटर लांब. ते कोण देणार, भाऊ?

पालकांचं तर बोलतच नाही. "सर, दात पडले तर?" दोन-तीनशे रुपयांचा माउथगार्ड गरम पाण्यात बुडवून चावायचा, नाही पडत दात. पुढे.

भावजींना काय म्हणायचं होतं ते कळतं मला. त्यांना उपाय मोठा हवा, टीव्हीवर दिसणारा. माझा उपाय सांगायलाही लाज वाटते इतका किरकोळ आहे. दर रविवारी सकाळी दोन तास एक पूर्ण मैदान, पावसाळ्यात उघडं. त्यावरचा मुरूम काढून दोन ट्रक लाल माती. जिल्ह्यातल्या आठ शाळा, जून ते ऑक्टोबर, दर आठवड्याला मॅच. बस. हे लिहून मी तीनदा अर्ज दिलाय. पहिला हरवला. दुसऱ्यावर शेरा आला, "रब्बी हंगामाशी संबंधित, कृषी विभागाकडे पाठवावे."

खोटं नाही सांगत. रब्बी!

तिसरा अजून टेबलावर आहे. भाऊंची फायनल येत्या रविवारी आहे, म्हणजे पुन्हा पार्किंग. पोरांना साडेपाचलाच बोलावलंय, कारण सहानंतर तिथे बुलेटी लागतात.