‘पेपर वाचून पेशंट चालत नाही’: त्या मेसेजला उत्तर

स्ट्रोकवर काम करणाऱ्या आम्हा फिजिओंमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: पेशंट हात लावून शिकायचा असतो, पेपर (म्हणजे संशोधनाचे लेख) वाचून पेशंट चालत नाही. संशोधन सगळं गोऱ्यांच्या पेशंटवर झालेलं. ते आज एक सांगतं, उद्या बरोबर उलटं. आणि त्यांची मशीनं आपल्याला परवडणार आहेत का?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, पटतंय ना?’ नाही पटत. का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगते.

हात लावून शिकावं लागतं, हे शंभर टक्के खरं. पण हाताला सगळं कळत नाही. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पेशंट मुळातच थोडाफार सुधारत असतो, आणि त्या काळात आपण जे काही करत असू त्याला श्रेय मिळून जातं. मी कित्येक वर्षं पेशंटच्या घरी दाराला पुली बांधायला सांगत होते. चांगल्या हाताने दोरी ओढायची की लुळा हात वर जायचा. हात वर गेलेला पाहून घरच्यांचे डोळे भरून यायचे. महिन्याभराने खांदा ठणकायला लागला की मी म्हणायचे, ‘या आजारात खांदा दुखतोच.’ मग १९९० सालचा एक पेपर हातात आला. जेमतेम २८ पेशंट, तीन गट. पुलीच्या गटात ६२ टक्के जणांचा खांदा दुखू लागला होता. थेरपिस्टने स्वतः हात हलवलेल्या गटात ८ टक्के. कारणही समजण्यासारखं आहे. खांद्याचं पातं हाताबरोबर नीट फिरत नाही, दोरी मात्र हात वर खेचतच राहते आणि मधल्या मऊ भागाला चिमटा बसतो. अभ्यास छोटा आहे, मान्य. तरी त्या आठवड्यात मी पुली बंद केली. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला हे दाखवलं नव्हतं, कारण पुली न दिलेले पेशंट माझ्यासमोर तुलनेला कधी नव्हतेच.

‘गोऱ्यांच्या पेशंटवर’ म्हणणाऱ्यांनी ‘अटेंड’ चाचणी वाचावी. भारतातली १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट. प्रश्नही आपल्या घराघरातला: घरातल्याच माणसाला व्यायाम शिकवून त्याच्याकडून करून घेतले, तर पेशंटला फायदा होतो का? उत्तर २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सहा महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले पेशंट दोन्ही गटांत, म्हणजे घरच्यांना शिकवलेल्या आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या, ४७ टक्के. मला वाईट वाटलं, कारण सून-मुलाला शिकवून घरी पाठवणं हीच माझीही पद्धत होती. घरच्यांनी काहीच करू नये, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एवढं शिकवलं की पेशंट जास्त स्वावलंबी होतो, असा भरवसा मी आता कुठल्याच कुटुंबाला देत नाही. हा निकाल आपल्याच लोकांच्या अंगावरून आलाय. तो न वाचणं हा त्या १२५० कुटुंबांवर अन्याय आहे.

आज एक, उद्या उलटं? उलटतं, आणि उलटायलाच हवं. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ पेशंटवरच्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हातापायाची हालचाल जास्त सुधारलेली दिसली. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ३१२७ पेशंटवर तीच गोळी तपासली, तर सहा महिन्यांनी स्वावलंबनात फरक नाही. हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं. म्हणून पेपर वाचायला शिकताना पहिल्यांदा पेशंट किती, तुलना कशाशी आणि मोजलं काय, हे बघायचं. ‘जितक्या लवकर उभं कराल तितकं चांगलं’ हे तर आम्हाला पाठच होतं. २०१५ मध्ये ‘अव्हर्ट’ ही चाचणी आली, २१०४ पेशंटची. पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांपैकी ४६ टक्के जण तीन महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते, नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपैकी ५० टक्के.

मशीनचा मुद्दा तर पेपरच खोडून काढतात. अमेरिकेत ४०८ पेशंटवर झालेल्या ‘लीप्स’ चाचणीत पट्ट्याने तोलून ट्रेडमिलवर चालवणं आणि घरी जाऊन फिजिओने टप्प्याटप्प्याने घेतलेले व्यायाम, या दोन्हींचा चालण्यावर एका वर्षानंतरचा परिणाम सारखाच निघाला.

त्या विद्यार्थिनीला मी एकच काम दिलं: मोठं काही वाचू नकोस, एका सेशनमध्ये पेशंटचा लुळा हात खरोखरीच्या कामासाठी किती वेळा हलतो, ते मोज. २००९ च्या एका पाहणीत ही सरासरी ३२ निघाली होती, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकड्यांनी आवर्तनं लागतात. तिने कागदावर रेघा ओढत मोजलं. पाऊण तासात १९. बाकीचा वेळ पेशंटला खुर्चीत बसवण्यात, ताणण्यात आणि बोलण्यात गेलेला.

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या पेशंट काकूंसमोर दोन वाट्या आणि मूठभर राजमा ठेवला. एकेक दाणा उचलून पलीकडच्या वाटीत टाकायचा. संध्याकाळी मेसेज आला: ‘मॅडम, ११४. काकू म्हणाल्या, उद्या वाटाणे आण.’