आम्रखंडातील साखर, पोषण आणि सुटलेले पाणी : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या आम्रखंडाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. दह्याचा पदार्थ आहे म्हणून मुलीच्या शाळेच्या डब्यात रोज द्यावा, या विचाराने आपण अर्ध्या किलोचा डबा नेला, घरी गेल्यावर मागील कोष्टकात 100 ग्रॅममागे 40 ग्रॅम साखर दिसली आणि दुसऱ्या दिवशी कडेला पाणी सुटलेले पाहून भेसळीची शंका आली, असे आपले म्हणणे आहे. ‘पौष्टिक म्हणून साखर विकता’ हा आरोप गंभीर आहे आणि दुधाच्या धंद्यात असलेल्या माणसाने त्याला सविस्तर उत्तर दिलेच पाहिजे.

साखरेचा आकडा आपण बरोबर वाचला आहे. आमच्या 100 ग्रॅम आम्रखंडात एकूण साखर 44 ग्रॅम आहे; त्यांपैकी 40 ग्रॅम वरून घातलेली आणि उरलेली आंब्याच्या रसाची व दुधाची स्वतःची. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे श्रीखंडात घन पदार्थ किमान 58 टक्के असावे लागतात आणि कोरड्या वजनावर (म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या वजनावर) साखर 72.5 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे 58 टक्के घन पदार्थ असलेल्या 100 ग्रॅम श्रीखंडात ती जवळजवळ 42 ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. वरून घातलेली 40 ग्रॅम साखर पाहता आमचे आम्रखंड या मर्यादेत आहे. पण मर्यादेत असणे म्हणजे रोज खाण्याजोगे असणे नव्हे, हे मलाही मान्य आहे. याच प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांत दिवसाच्या 2000 किलोकॅलरी आहारासाठी वरून घातलेली साखर 50 ग्रॅम धरलेली आहे. या हिशेबाने आमच्या आम्रखंडाची 50 ग्रॅमची छोटी वाटी खाल्ली की 20 ग्रॅम तिथेच संपतात, आणि शाळकरी मुलीच्या वाट्याला तर 50 ग्रॅमही येत नाहीत, कारण तिचा आहारच लहान असतो.

मग साखर निम्मी का करत नाही, असे आपण विचारले आहे. साखर इथे केवळ गोडीसाठी नसते. ती चक्क्यातील पाणी धरून ठेवते, त्यामुळे यीस्ट आणि बुरशी यांना वाढायला मोकळे पाणी कमी मिळते व पदार्थ टिकतो. शिवाय आम्रखंडाचा तो तलम, चमचा उभा राहील असा पोतही बराचसा तिच्यामुळेच येतो. साखर निम्म्यावर आणली तर आम्रखंड लवकर आंबते, सैल पडते आणि 58 टक्क्यांच्या निकषाखाली जाते. त्या गोडीच्या जागी कृत्रिम गोडी घालून ‘साखरविरहित’ असा शिक्का मारणे मला पटत नाही.

पोषणाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपली खरी अडचण तिथेच आहे. विरजण लागलेले दही आम्ही मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगतो. सकाळी फडके सोडले की आत पांढराशुभ्र चक्का असतो आणि खालच्या पातेल्यात पिवळसर-हिरवट निवळी साठलेली असते. दुधातील मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते आणि स्निग्धांश चक्क्यात राहतात, म्हणून साखर मिसळूनही आमच्या आम्रखंडात 100 ग्रॅममागे साडेपाच ग्रॅम प्रथिने आणि सात ग्रॅम स्निग्धांश असतो. मात्र दूध आंबले की त्यातील बरेचसे कॅल्शियम पाण्यात उतरते आणि निवळीबरोबर निघून जाते. तिला तो हिरवट रंग देणारे बी-2 जीवनसत्त्वही तिच्यातच राहते. म्हणून ‘दह्याचे सगळे गुण आम्रखंडात’ असे वाक्य आम्ही डब्यावर कुठेही छापलेले नाही. ही निवळी आम्ही दुकानात बाटलीत भरून ठेवतो. तीत कणीक भिजवली तर पोळ्या मऊ होतात, आणि तीच कढीतही घालता येते.

आम्रखंड हे पक्वान्न आहे. पाडव्याला, दसऱ्याला किंवा पाहुणे आले की पुरीबरोबर ते पानात वाढावे आणि मनापासून खावे. त्या दिवशी मोजमाप करू नये असेच मी म्हणेन. रोजच्या डब्यासाठी मात्र साधे घट्ट दही घ्या आणि त्यात केळे, डाळिंबाचे दाणे किंवा हंगामात हापूसच्या फोडी घाला. मुलीला आम्रखंडाचीच चव हवी असेल, तर तीन चमचे बिनसाखरेच्या दह्यात एक चमचा आम्रखंड फेटून द्या. अशा 100 ग्रॅम मिश्रणात वरून घातलेली साखर 10 ग्रॅमवर येते, आणि दह्यातले कॅल्शियमही पोटात जाते. नेलेला डबा शिल्लक असल्यास ताज्या गोड ताकात घुसळून, जायफळ किसून त्याचे पियूष करता येईल. मात्र त्यात पुन्हा साखर घालू नये. घरात दोन वर्षांखालील बाळ असेल तर त्याला आम्रखंडाचे बोटही चाटवू नये, साधे दही द्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी किती खावे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

राहिला प्रश्न पाण्याचा. कडेला सुटलेले पाणी हीच ती निवळी आहे. चक्का म्हणजे प्रथिनांची नाजूक जाळी. वाहतुकीत धक्के बसले, डबा काही वेळ फ्रीजबाहेर राहिला किंवा मधोमध खोल चमचा मारून खळगा केला, की जाळीतले पाणी कडेला येते. हलक्या हाताने ढवळल्यावर ते पुन्हा एकजीव होते आणि खायला हरकत नसते. परंतु झाकण उघडताच आंबूस, दारूसारखा वास आला, बुडबुडे दिसले किंवा झाकण फुगलेले असले, तर ते खाऊ नये. आपला डबा तसा असेल तर तारखेच्या शिक्क्यासह दुकानात आणून द्यावा. पैसे परत मिळतील आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या डब्यांचीही तपासणी होईल. चक्का आम्ही बिनसाखरेचाही विकतो, पाव किलोपासून. आपल्या हाताने, आपल्याला हवी तेवढीच साखर घालून करायचे असेल, तर तो घेऊन जावा.

आपला नम्र,
डेअरीचालक