महिला गटाची रेघ आणि तिच्यात अडकलेल्या बायका

माझं मत आधीच सांगते, काही जवळच्या लोकांना ते आवडणार नाही. जी व्यक्ती मुलगा म्हणून वयात आली, तिने महिलांच्या सर्वोच्च स्पर्धांत उतरू नये. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंद, महिलांचा १०.४९. बायका मेहनतीत कमी पडतात म्हणून हा फरक नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे उंची, हाडं, स्नायू वेगळे घडतात आणि पुढे औषधांनी ते कमी केलं तरी वाढलेली उंची काही घटत नाही. म्हणून जलतरणाच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये आणि अ‍ॅथलेटिक्सच्या संघटनेने २०२३ मध्ये घातलेली बंदी मला पटते.

पण या निर्णयांवर टाळ्या पिटत ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्मावेळी मुलगा ठरवल्या गेलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांना, शिव्या घालणाऱ्यांत मला धरू नका. त्यांनी कोणाची फसवणूक केलेली नाही. शाळेत, हौशी क्लबात त्यांना खुशाल खेळू द्यावं, तिथे कोणाचं पदक अडलंय?

आणि या रेघेवर भरडल्या गेलेल्या कितीतरी जणी ट्रान्स नव्हत्याच. शांती सौंदरराजन मुलगी म्हणूनच वाढली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरचं रौप्य जिंकलं, मग लिंगचाचणी झाली, पदक गेलं आणि तिच्या शरीराची चर्चा बातम्यांत झाली. धावपटू द्युती चंदला शरीरात नैसर्गिकरीत्याच टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून ऐनवेळी वगळलं. ती लढली म्हणून २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तो नियम स्थगित केला.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो हिला तर १९८५ मध्ये गुणसूत्रांच्या चाचणीवरून बाद केलं. गुणसूत्रं पुरुषांत असतात तशी एक्सवाय होती खरी, पण तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता! म्हणजे ज्या फायद्याचा संशय, तो तिला मिळालेलाच नव्हता. हे मान्य व्हायला १९८८ उजाडलं. धावपटूची ऐन उमेदीची वर्षं गेली, ती कोण भरून देणार?

सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची (वाय गुणसूत्रावरच्या, पुरुषी घडण सुरू करणाऱ्या जनुकाची) चाचणी सक्तीची झाली आहे. पातिन्योसारख्या स्त्रियांना नियमात सूट आहे, पण ती सूट सिद्ध होईपर्यंत नाव फुटलं तर उपयोग काय? चाचणी स्पर्धेच्या कितीतरी आधी व्हावी. निकाल खेळाडू आणि डॉक्टरपुरता राहावा, दाद मागायचा खर्च संघटनेने उचलावा आणि अहवाल फोडणाऱ्या पदाधिकाऱ्याला घरी पाठवावं. शांतीचं रौप्यपदकही तिला सन्मानाने परत द्यावं.