शेवंतीला बल्ब लावू नका, आणि तो मेसेजही पुढे ढकलू नका

कोजागिरीपासून एक मेसेज आपल्या भागातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. 'दिवाळी झाली की बाग झोपते' हे शीर्षक, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि मग आज्ञा. सगळी फुलझाडं वीतभर ठेवून छाटा. पाणी होळीपर्यंत बंद करा. शेवंतीला थंडी लागू नये म्हणून रात्रभर बल्ब लावा, फुलं दुप्पट येतील. बुडाशी मूठभर मीठ टाका. कण्हेर आणि पॉइनसेटिया दारात असतील तर आजच उपटा, त्यांच्या हवेनंही माणूस मरतो. वाळला पाला जाळा. शेवटी 'प्रत्येक घरापर्यंत पोचवा' आहेच.

अशा मेसेजांना उत्तरं देत बसलं तर माणसाला दुसरा धंदा उरायचा नाही, म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण बचत गटाच्या ग्रुपवरून तो आमच्या मोठ्या आईपर्यंत पोचला. तिनं अंगणातली अर्धी शेवंती कापून टाकली आणि उरलेल्या अर्ध्या वाफ्यावर ओसरीतून वायर ओढून बल्ब सोडला. विचारलं तर म्हणते, "इतक्या बायायनं पाठवलं, सगळ्याच खोट्या असतीन का बापा?" बायांनी मुद्दाम खोटं पाठवलं असं मीही म्हणत नाही. पाठवण्याआधी एकीनंही शेवंतीचा शेंडा वाकवून पाहिला नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आधी बल्बाचंच घेतो, कारण इतका उलटा सल्ला मी आजवर वाचला नव्हता. शेवंती फुलते ती रात्र लांबते म्हणून. दिवस लहान होत गेला, अंधार सलग मिळाला की झाड पानं वाढवणं थांबवून कळी धरतं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात शेवंतीचे वाफे पिवळे-पांढरे होतात. रात्री बल्ब लावला की झाडाच्या हिशेबी रात्र लहानच राहते आणि ते नुसती पानं काढत बसतं. पॉलिहाऊसवाले मुद्दाम हेच करतात. बाजारात भाव नसला की शेवंतीवर रात्री दिवे लावून तिला अडवून धरतात, आणि फुलं हवी झाली की दिवे बंद. फुलं दुप्पट करायला म्हणून जे सांगितलं, ते फुलं थांबवायचं तंत्र आहे!

हे माझ्या मनचं नाही. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी ते छापून ठेवलं आहे. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर वाढायची पण फुलायची नाही. तीच हिवाळ्यात काचघरात फुलायची. दुसरं पीक होतं सोयाबीन, आपल्या ओळखीचं. बिलोक्सी नावाची जात त्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरली, आणि आधीची काय अन् नंतरची काय, सगळी जवळजवळ एकाच सुमारास फुलावर आली. ऊन, पाणी, थंडी सगळं तपासून झालं. मग कुंड्या दिवसाचे काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून पाहिल्या आणि भर उन्हाळ्यात फुलं आली. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी आपल्या धुऱ्यावर माजतं त्या गोखरूच्या जातीच्या तणावर दाखवलं की लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी उजेड पाडला तरी फूल धरत नाही. थोडा वेळ म्हणतो आहे मी. मेसेज रात्रभर सांगतो.

शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेवर विश्वास नसेल तर रस्त्याच्या दिव्याखाली आलेलं सोयाबीन पाहा. बाकीचं वावर पिवळं पडून सोंगणीला आलेलं असतं आणि दिव्याच्या उजेडातला तुकडा हिरवागारच उभा असतो.

आणि ऊब? ती कल्पना बहुतेक कोंबडीच्या पिल्लांवरून उचलली. पिल्लांवर जुना पिवळा बल्ब लावत, तो तापायचा. आताचा एलईडी उघड्या अंगणात काय ऊब देणार? शिवाय नागपूर-अमरावतीकडे डिसेंबरातलं किमान तापमान सरासरी बारा अंशांच्या आसपास असतं. शेवंतीला ही थंडी मानवते. कुडकुडतो तो आपण.

छाटणीचा मुद्दा यालाच लागून आहे. दिवाळीच्या सुमारास शेवंतीची फांदी हातात घ्या. शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी कळी, तिच्या खालच्या पानांच्या बेचक्यात आणखी बारीक कळ्या, बोटाला टणक लागणाऱ्या. वीतभर ठेवून छाटायचं म्हणजे वर्षाचं सगळं फूल शेणखड्ड्यात टाकायचं. शेंडे खुडायचे ते पावसाळ्यात, फुटवे वाढावेत म्हणून. आणि झाड खाली घ्यायचं ते फुलं आटोपल्यावर, माघात, म्हणजे बुडातून काश्या, म्हणजे नवे कोंब, निघतात आणि पुढची लागवड होते. झेंडूचंही तसंच. दसरा-दिवाळीची तोडणी झाली म्हणून झाड संपत नाही. वाळकी बोंडं काढत राहिलात तर संक्रांतीपर्यंत देतं.

मुळात 'बाग झोपते' हे बर्फाच्या मुलखातलं आहे. तिथे नोव्हेंबरात पानं झडतात, माती गोठते. आणि गंमत म्हणजे तिथलेही पुष्कळ बागवाले आता सगळं कापू नका म्हणतात; सेडम नावाच्या फुलझाडाची वाळकी फुलं, गवताचे तुरे पाखरांसाठी आणि शोभेसाठी वसंतापर्यंत उभे ठेवतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. दिवाळीनंतर तर आपल्याकडे पाहण्यासारखं खूप असतं. कुंपणाची पिवळी कोरांटी, जिला काट्यांमुळे शेळीही फारशी तोंड लावत नाही. जांभळा कांचन. शाळेच्या आवारातला बुच, ज्याची लांब देठाची पांढरी फुलं सकाळी रस्ताभर पडलेली असतात आणि पोरं वेचून वेण्या करतात. बोगनवेलीला तर पाणी थोडं कमी केलं की रंग जास्तच चढतो.

पाण्याचं निघालंच आहे तर एक कबूल करतो, नाइलाजानं. मोगऱ्यापुरतं मेसेजचं बरोबर आहे. मोगऱ्याचं पाणी या दिवसांत तोडतात, छाटणी करतात, मग उन्हाळ्यात बहर येतो. गुलाबाची छाटणीही ऑक्टोबरातलीच. आणि वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना आंबिया बहारासाठी ताण द्यायचं, म्हणजे पाणी तोडायचं, मी काय शिकवणार! पण मोगऱ्याचा नियम उचलून सगळ्या बागेला लावला की शेवंती, झेंडू, जास्वंद उभ्या वाळतात. थंडीत पाणी कमी लागतं, हे खरं. होळीपर्यंत बंद, हे खुळं.

कण्हेर. विषारी आहे, पान-फूल-खोड सगळं, हृदयावर परिणाम करणारं. शेळ्या-गुरांना खाऊ देऊ नका, काड्या चुलीत घालू नका, आणि पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया लेकरांच्या हाती लागू देऊ नका. मे २०२४ मध्ये केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळानं नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं, तेही ती पोटात जाऊ नयेत म्हणून. हवेनं माणूस मरत असता तर महामार्गांच्या दुभाजकावर मैलोन्मैल कण्हेर लावली असती का? पॉइनसेटियाचा चीक कातडीला लागला तर खाज येते, पोटात गेला तर मळमळ. तो उपटायचं काही कारण नाही. उलट त्याची लाल पानंही शेवंतीसारखी लांब रात्रीनंच रंगतात, तेव्हा त्यालाही बल्बापासून दूरच ठेवा.

मीठ टाका हे सांगणाऱ्याला दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात आणून एक उन्हाळा ठेवला पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्या पाण्यानं काळी माती चिकट होऊन आवळते, मुळाला श्वास घेता येत नाही. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठाशी झगडताहेत आणि हा म्हणतो, मूठभर टाका.

पाला जाळू नका, आळ्यात अंथरा. झालं.

ज्यांनी छाटून टाकलं असेल त्यांनी झाड उपटू नये. अंधार मिळाला तर बुडातून फूट येईल, नशीब असेल तर माघात चार फुलं दिसतील. नाही आली तरी काश्या मिळतीलच. बल्ब मात्र आजच काढा. काढता येत नसेल, कारण तो ओसरीचाच दिवा आहे, तर संध्याकाळी झाडावर पोतं टाका आणि सकाळी काढून घ्या.