बापूरावांची अंघोळ

ज्या प्राण्याला निसर्गाने वर्षभर पाणी न पिता जगायची सोय करून दिली आहे, त्याला उन्हाळ्यात दर रविवारी कोमट पाण्यात बसवणं हे आमच्या घरात माझं खातं आहे. प्राणी म्हणजे बापूराव. सोनोरन वाळवंटातलं कासव, वजन चार किलोच्या वर, वय विचारायची सोय नाही. आम्ही राहतो अ‍ॅरिझोनात, फीनिक्सच्या बाजूला चँडलरला. इथे ही कासवं रानातून उचलून आणता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि माणसात राहिलेलं कासव पुन्हा रानात सोडताही येत नाही. मग अशा बेघर कासवांसाठी राज्याचं वन्यजीव खातं दत्तक घेणारी घरं शोधतं. अंगणाला पक्की भिंत आहे का, बीळ सावलीत आहे का, पोहण्याचा हौद उघडा तर नाही ना, अशी सगळी चौकशी झाली, बिळाचे फोटो पाठवले, तेव्हा कुठे बापूराव खोक्यात बसून आले.

हे कासव चालतीबोलती नाही, पण चालती टाकी आहे. पाऊस आला की पोटभर प्यायचं, मूत्राशयात साठवायचं आणि मग महिनोन्‌महिने त्यातलंच पाणी परत अंगात जिरवत बिळात पडून राहायचं. अंगातली घाणसुद्धा पाण्यातून सोडायची नाही, तिचा पांढरा चिकट लगदा करून ठेवायचा. लातूरच्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावं लागत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या घरी हंडे, कळश्या, बादल्या संपल्यावर आईने कुकरसुद्धा भरून ठेवला होता, वर शिटी लावून.

आमच्यात आणि बापूरावांत फरक एवढाच की ते घाबरले की टाकी सोडून देतात. अवचित उचललं की वर्षभराची साठवण एका क्षणात बाहेर. रानात हे त्यांच्या जिवावर बेतू शकतं. घरात ते माझ्या टी-शर्टवर बेततं.

म्हणून आधी त्यांच्या समोर जाऊन उकिडवं बसायचं. त्यांनी आपल्याला ओळखल्याची वाट पाहायची. ते ओळख देत नाहीत, पण निदान मान आत ओढत नाहीत, एवढ्यावर समाधान मानून दोन्ही हातांनी हळूच, आडवं, जमिनीलगत उचलायचं. पाणी हनुवटीच्या खालीच हवं, कारण या मंडळींना पोहता येत नाही. आणि त्यांना टबात ठेवून चहा आणायला जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं समोर बसून राहायचं. फोनसुद्धा बघायचा नाही, असं बायकोचं म्हणणं आहे, पण ते कासवाच्या पुस्तकात नाही.

टब कुठला घ्यायचा, यावर चर्चा झालीच नाही. मापाला अगदी बरोबर बसणारी एकच वस्तू घरात होती, कणकेची परात. मी परातीकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुकानात गेलो. तिचं बरोबरच होतं म्हणा. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, त्यामुळे त्याचा टब वेगळा, तो धुवायचा घराबाहेर, आणि नंतर आपले हात साबणाने धुवायचे.

यंदा उन्हाळ्यात आई आली. बापूराव अंगणात दिसताच तिने पदर सावरून हात जोडले. पिंडीकडे तोंड करून बसलेलं देवळातलं कासव उठून लॉनवर चरताना पाहिल्यावर माणूस दुसरं काय करणार? मग हळू आवाजात मला विचारलं, "पोलीस धरणार नाहीत ना?" आपल्याकडे पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवलं तर वन्यजीव कायद्याखाली खरंच धरतात. हे तिने कुठल्याशा बातमीत पाहिलं होतं. दत्तकाची कागदपत्रं दाखवली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी तिने माझी पद्धत पाहिली आणि कारभार स्वतःकडे घेतला. पाणी मनगटावर घेऊन पाहिलं, विसण घातलं, पुन्हा पाहिलं. "हे काय करायलास? नुसतं बसवून ठेवायलास होय? डोक्यावरून पाणी न्हाई घेतलं तर ती अंघोळ कसली?" मी म्हटलं, आई, ही अंघोळ नाही, हे पाणी पाजणं आहे. त्यावर तिने तांब्या उचलला आणि "गंगे च यमुने चैव" सुरू केलं. त्या यादीत कोलोराडो नदी नाही. आमच्या नळाला मात्र तिचंही पाणी येतं, ५४० किलोमीटरांच्या कालव्यातून, जागोजागी पंपांनी वर चढवलेलं. मिरज ते लातूर याहून जवळ. पहिला तांब्या पाठीवर पडताच बापूरावांनी मान, पाय, शेपूट, सगळं आत घेतलं आणि दुकान बंद केलं.

मग वाट पाहणं. पहिली काही मिनिटं ते टबाच्या भिंतीवर नखं घासत तिथेच चालत राहतात. पुढे केव्हातरी थांबतात. मान लांब करतात, नाकपुड्यांपर्यंत तोंड पाण्यात बुडवतात आणि निश्चल होतात. नीट पाहिलं तर गळ्याखालची सैल कातडी तेवढी वरखाली होत असते. घोट दिसतो, आवाज अजिबात नाही. आईसुद्धा त्या वेळी बोलत नाही, आणि हे मी कौतुकाने लिहितोय.

पिऊन झालं की जुना साठा निघतो. शेपूट हलते, पाणी ढवळतं, पांढरा लगदा बाहेर येतो. "बाटली गंगा," आई म्हणते. माझं खरं काम इथे सुरू होतं. तो लगदा मऊ असेल तर अंगात पाणी पुरेसं आहे. वाळूसारखा कचकचीत लागला तर पाणी कमी पडतंय. म्हणजे आठवडाभर संगणकासमोर गंभीर चेहऱ्याने बसणारा माणूस रविवारी हातमोजे घालून हे दोन बोटांत चोळून बघतो. एकदा मी आनंदाने ओरडलो, "चक्क्यासारखं आहे!" तेव्हापासून आमच्या घरी श्रीखंड झालेलं नाही.

टबातलं पाणी आई वाया जाऊ देत नाही. मोगऱ्याच्या बुंध्याशी नेऊन ओतते आणि मोगरा फुलला की श्रेय बापूरावांना देते. रोज सकाळी मोगऱ्याला पाणी मी घालतो, पण असो.

जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, पाठोपाठ ढग गडगडले. वाळवंटालाही मान्सून असतो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. पहिले थेंब पडायच्या आत बापूराव बिळातून बाहेर. न उचलता, न समजावता, तरातरा (त्यांच्या मानाने) त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यातली स्वतः उकरलेली उथळ खळगी गाठली. पाणी साचलं, तोंड बुडालं. वरून पाऊस टकुऱ्यावर बदाबदा कोसळत होता आणि मान आत घ्यायचं नाव नाही. आई छत्री घेऊन धावली, ती त्यांच्यावर धरायला, स्वतः भिजली.

"बघ," ती मला म्हणाली, "डोक्यावरून घेतलं का न्हाई पाणी? तुलाच अंघोळ घालता येत नव्हती."