नऊने भाग जातो

मी महापालिकेत आहे हे कळलं की लग्नाच्या मांडवात माणसं खुर्ची जवळ ओढतात. ‘आमच्या गल्लीतल्या गटाराचं तेवढं बघा ना!’ मग मी सांगते, मी लेखा विभागात आहे. खुर्च्या पुन्हा मागे जातात. गटार मी बांधत नाही, उपसत नाही. गटाराचं बिल मात्र माझ्या टेबलावरून जातं, आणि तेही गटाराच्याच वेगानं, असं ठेकेदारांचं म्हणणं.

चोवीस वर्षं झाली. २००१ साली लागले तेव्हा जकात होती. नाक्यावरचा भरणा रोज पोत्यातून यायचा आणि नोटांना डिझेलचा वास असायचा. मग जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता आम्ही महिन्याच्या सुरुवातीला शासनाच्या अनुदानाची वाट बघतो, घरात कमावत्या मुलाच्या मनीऑर्डरची बघायचे तशी. ते आलं की पगार. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकी आमच्यासारख्यांचा १९४९ चा. मार्च महिना मात्र सगळ्यांचा सारखाच.

ठेकेदार मला मार्चमध्ये ‘ताई’ म्हणतात, एप्रिलमध्ये ‘मॅडम’, आणि बिलावर आक्षेप निघाला की ‘ती बाई’. त्यांचंही खोटं नाही. रस्त्याचं बिल आलं की मोजमाप पुस्तिका बघायची, बजेटात तरतूद आहे का बघायची, लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या सदरात धरायचा ते, बरोबर आहे का बघायचं, आणि मग कापायला सुरुवात करायची. आयकर, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का, सुरक्षा अनामत, वर दंड असेल तर तो. एका ठेकेदारानं कपातीचा तक्ता खालपर्यंत वाचून मला शांतपणे विचारलं होतं, ‘ताई, म्हणजे शेवटी मीच तुम्हाला किती द्यायचे?’

माझी सगळी नोकरी तीन शेऱ्यांवर उभी आहे. ‘मूळ प्रत जोडावी’, ‘खुलासा करावा’ आणि ‘चर्चा करावी’. यातला तिसरा सगळ्यात जहाल. चर्चा कोणी कधीच करत नाही. फाईल तेवढी त्या शेऱ्यासकट पंधरा दिवस कपाटात बसून येते. शिवाय माझा एक घरगुती नियम आहे, सहीखाली तारीख नसेल तर कागद परत. मग सही आयुक्तांची का असेना. (आयुक्तांची मी शिपाईमामांच्या हाती, नम्रपणे परत पाठवते.)

हे सगळं मी बिल टेबलवरच्या नव्या मुलाला शिकवलं. चांगला मुलगा आहे, बी.कॉम. आहे. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, ‘माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. कागदाकडे बघायचं.’ त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

तर २०२५ च्या जानेवारीत मला मंत्रालयात जावं लागलं. वित्त आयोगाच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, सह्यांच्या मूळ प्रती, हातोहात पोचवायच्या. २४ जानेवारीला शुक्रवारी एसटीनं गेले, कागद दिले, पोच घेतली, रात्री डोंबिवलीला मावसबहिणीकडे राहिले आणि शनिवारी सकाळच्या एसटीनं परत. सगळा मिळून खर्च भत्त्यासह १,२५० रुपये. प्रवास देयक लिहिलं आणि रीतसर आवक नोंद करून माझ्याच विभागात, माझ्यापासून चार फुटांवर असलेल्या टेबलावर ठेवलं.

आठ दिवसांनी ते परत आलं. ‘तिकिटावरील रक्कम वाचनीय नाही.’

एसटीच्या मशीनमधून येणारं तिकीट म्हणजे अळवावरचं पाणी. पर्समध्ये आठवडाभर राहिलं की त्यावरची अक्षरं उडून जातात. मी लोकांच्या बिलांना हाच शेरा इतक्यांदा मारलाय की आता शहाणी झाले होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवली होती. ती जोडली. शेरा आला, ‘मूळ प्रत जोडावी.’ मूळ प्रत एव्हाना कोरी होती. मी तो कोरा कागद जोडला, त्याखाली ‘मूळ प्रत, खरी असे’ लिहिलं आणि सही केली. तारखेसह.

तिसऱ्यांदा शेरा आला तो वाचून मी खुर्चीतून उठलेच. ‘जाण्याचे भाडे व येण्याचे भाडे भिन्न दिसते. अंतर तेच असता खुलासा करावा.’ आता खुलासा असा, की मी गेले २४ तारखेला आणि २५ जानेवारीपासून एसटीचं भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं. मी रात्री मावसबहिणीकडे आमटी-भात खात होते तेव्हा माझ्या परतीच्या तिकिटाचा दर बदलत होता. वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं.

चौथा शेरा. ‘दरपत्रकाशी ताडून पाहता भाडे निम्मेच आकारलेले आढळते. प्रवास पूर्ण केला किंवा कसे?’

‘अरे,’ मी म्हटलं, ‘१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तुझी आई जाते की नाही गावाला?’

‘जाते ना मॅडम. पण तसा उल्लेख देयकात नाही.’

उल्लेख खरंच नव्हता. मी केला. खाली त्याच्या सांगण्यावरून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवलं. ते पाच हजारांवरच्या पावतीलाच लागतं, असं मी त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं, तिकीट लावलेला कागद कधी परत येत नाही.’ यावर काय बोलणार? शेजारच्या टेबलावरच्या दोघी मागच्या कपाटाकडे तोंड करून हसत होत्या. चोवीस वर्षांत शहरातल्या ज्या ज्या माणसाला मी खुलासा करायला लावला, तो प्रत्येक जण त्या कपाटामागे उभा राहून हसतोय असं मला वाटलं.

मग प्रवास भत्त्याची तरतूद संपली. मग पुनर्विनियोजन झालं, म्हणजे दुसऱ्या सदरातली तरतूद इकडे वळवली. मग मार्चचा तिसरा आठवडा उजाडला आणि माझं बिल पास झालं. कधी, ते मला कळलंसुद्धा नाही. मार्चमध्ये लेखा विभागातल्या बाईला घरचं काही कळत नाही. एका रात्री साडेदहाला घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, ‘तुझे पैसे आले गं, मला मेसेज आलाय. त्यातूनच गॅस सिलिंडरचे दिले.’ मी ‘बरं’ म्हणाले आणि चपला न काढता सोफ्यावर झोपले.

त्या वर्षी पाडवा आला रविवारी, ३० मार्चला. दुसऱ्या दिवशी सोमवारी ईद, आणि तोच ३१ मार्च. एका घरी गुढी, दुसऱ्या घरी शीरखुर्मा आणि आमच्या ऑफिसात ताळेबंद. करभरणा केंद्रं उघडी, बँका सरकारी भरण्यासाठी उघड्या. ठेकेदार जिन्यात, व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपाशी. एक जण श्रीखंडाचा डबा घेऊन आला. तो मी शिपाईमामांकरवी परत पाठवला, त्यावर तारीख होती तरीही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँक ताळमेळ घ्यायला बसलो. किर्दीतली, म्हणजे आमच्या रोकड वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक. न वटलेले धनादेश वजा, न जमा झालेला भरणा अधिक, बँकेचं शुल्क वजा. सगळं धरून बँकेत २७० रुपये कमी.

करोडोंच्या उलाढालीत २७० रुपये! बाहेरच्या माणसाला वाटतं, टाका खिशातून आणि जा घरी. पण खिशातून टाकायचे तर त्याची जमा कोणत्या लेखाशीर्षावर धरणार? ‘बाईंच्या खिशातून’ असं लेखाशीर्ष अजून मंजूर नाही. आणि माझे पहिले साहेब सांगायचे, दोन कोटींचा फरक पडला तर घाबरू नये, तो दिसतो. दोनशेचा पडला तर घाबरावं.

मी कागदावर २७० लिहून नऊने भागलं. भाग गेला.

हिशेबनीसांना हे ठाऊक असतं, फरकाला नऊने भाग गेला की बहुधा आकडे उलटसुलट झालेत. सत्तावीसचे बहात्तर, तसं. २७० भागिले ९० बरोबर तीन. म्हणजे कुठल्या तरी रकमेतला शतकाचा आणि दशकाचा आकडा अदलाबदल झालाय आणि त्या दोघांत तीनचं अंतर आहे. डॉक्टरला ताप बघून टायफॉइड कळावा तशी मी खूश झाले. आता फक्त मार्च महिन्याच्या प्रमाणकांमधून, म्हणजे व्हाउचरांमधून, असा एक आकडा शोधायचा. ३१ मार्चला एकट्या दिवसाची प्रमाणकं चार गठ्ठे होती.

दोन दिवस शोधलं. ४,७४१? नाही, बरोबर आहे. ३६,८५२? बरोबर. स्वप्नात पंधरावं लेखाशीर्ष यायला लागलं. दुहेरी नोंद पद्धत व्हेनिसमध्ये १४९४ साली छापून आली आणि राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिका निघाली २००४ साली. पाचशे दहा वर्षं. आमच्याकडच्या फायलींच्या मानानं हे तातडीचंच म्हणायचं. तोवर आम्ही एकेरी नोंदीत सुखी होतो. आता प्रत्येक रुपया दोनदा लिहितो आणि तरी तो एकदा हरवतोच.

तिसऱ्या दिवशी ठरवलं, चूक बँकेची. बँकेला पत्र लिहिलं. चोवीस वर्षांचा अनुभव त्या पत्रात ओतला. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे महापालिकेच्या निधीतून रु. २७० जादा खर्ची पडल्याचे दिसून येते. सबब, तातडीने लेखी खुलासा करावा.’ साहेबांनी वाचलं, म्हणाले, ‘जरा कडक झालंय का?’ मी म्हटलं, ‘राहू द्या.’

बँकेचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. दोन ओळी होत्या. आपण पाठवलेल्या यादीप्रमाणेच रकमा जमा केल्या आहेत, यादीची प्रत सोबत जोडली आहे. यादी चाळीस नावांची. प्रमाणकं पुढ्यात घेऊन एकेक नाव ताडत गेले. एकतिसाव्या नावाशी पेन्सिल थांबली. प्रमाणक १,२५०. यादीत १,५२०.

नाव माझं होतं.

यादीच्या खाली ‘तपासले, बरोबर आहे’ असा शिक्का होता. त्यावर सही माझी होती. तारखेसह.

घरी फोन केला. ‘अहो, माझे ते किती आले होते?’

‘पंधराशे वीस. सांगितलं नाही का तुला? मला वाटलं, तुमच्याकडे भत्ते वाढले.’

शिपाईमामा म्हणाले, ‘मॅडम, कुणाला सांगू नका, हळूच भरून टाका.’ हळूच? महापालिकेत पैसे हळूच काढता येतात अशी लोकांची समजूत आहे, त्यावर मी बोलत नाही. पण हळूच भरता येत नाहीत, हे मी शपथेवर सांगते. वर्ष बदललेलं होतं. म्हणजे ही झाली मागील वर्षीच्या अतिप्रदानाची, जास्त दिलेल्या पैशांची, वसुली. त्याला टिपणी लागते, साहेबांची मान्यता लागते, चलन लागतं आणि ‘अतिप्रदान कसे झाले’ याचा संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा लागतो. संबंधित कर्मचारी मीच, तपासणारी मीच. मी मला पत्र दिलं, मी ते स्वीकारलं, आणि ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ असं मला कळवलं. बँकेलाही एक पत्र गेलं, ‘आमच्या आधीच्या पत्रातील मजकूर दुर्लक्षित करावा.’ ते कडक झालं नाही.

टिपणी बिल टेबलवर गेली. चार फूट. तिथे ती सहा दिवस राहिली. सातव्या दिवशी त्या मुलानं ती दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. डोळे खाली, कागदाकडे. समासात त्याच्या सुवाच्य अक्षरात शेरा होता. ‘रु. २७० ही रक्कम कर्मचाऱ्याकडे सुमारे १५ दिवस विनावापर राहिली किंवा कसे? वापर झाला असल्यास व्याज आकारणीबाबत चर्चा करावी.’

वापर झाला होता. सिलिंडर आलं होतं.

मी शेरा दोनदा वाचला. भाषा बरोबर, मुद्दा बरोबर, एकही खोट काढायला जागा नाही. मग खाली त्याच्या सहीवर नजर गेली. मी चष्मा पुसला, लाल पेन उघडलं, त्याच्या सहीखाली गोल केला आणि कागद परत दिला.

‘तारीख नाही,’ मी म्हटलं.